‘कॉम्प्युटरने टीबी सांगितला’ : तपासणीतील एआय आणि डॉक्टरांवरचा विश्वास

“साहेब, कॉम्प्युटरने टीबी सांगितला. आता तुम्ही नाही म्हणता. मग आम्ही खरं कोणाचं मानायचं?”

विसरवाडीत एका तरुणाने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्या आवाजात राग होता आणि तो राग रास्त होता. त्याची आई पन्नाशीची, दरवर्षी ऊसतोडीला गुजरातमध्ये जाणारी. एका तपासणी शिबिरात तिच्या छातीचा एक्स-रे काढला गेला. तो एक्स-रे एआय प्रणालीने वाचला आणि काही सेकंदांत ‘टीबीची शक्यता’ असा शेरा आला. त्या दिवशी मी शिबिरात मदतीला होतो. रांग मोठी होती. “मावशी, थुंकी तपासून घ्या,” एवढेच सांगून मी पुढच्या माणसाला बोलावले.

घरी निरोप पोहोचला तो ‘कॉम्प्युटरने टीबी सांगितला’ असा. मावशींचे ताट-तांब्या वेगळा झाला. नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देईनात. काही दिवसांनी थुंकीचा रिपोर्ट आला, त्यात टीबीचे जंतू नव्हते. घरातली जुनी कागदपत्रे मागवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता आणि पूर्ण औषधे घेऊन त्या बऱ्या झाल्या होत्या. त्या आजाराचा फुप्फुसावर राहिलेला जुना वण यंत्राने टिपला होता.

यंत्राने आपले काम केले होते, डाग दाखवला होता. चूक माझी होती. ‘तुम्हाला पूर्वी टीबी झाला होता का?’ हा एक प्रश्न मी विचारला नाही आणि ‘हा शेरा म्हणजे आजाराचे निदान नाही’ हे एक वाक्य मी सांगितले नाही.

अशी यंत्रे आता वाढत जाणार आहेत. म्हणून त्यांचे काम कसे चालते, त्यांच्यावर किती विसंबायचे आणि आपल्या डॉक्टरांना काय विचारायचे, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवे.

एआय म्हणजे नेमके काय?

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. वैद्यकीय तपासणीत वापरली जाणारी एआय प्रणाली म्हणजे एक संगणकीय प्रोग्राम. त्याला आधी हजारो, कधी लाखो एक्स-रे, ईसीजी किंवा डोळ्यांचे फोटो दाखवलेले असतात आणि त्यातला कोणता आजारी माणसाचा, कोणता निरोगी माणसाचा, हेही सांगितलेले असते. त्यावरून तो प्रोग्राम खुणा शिकतो. नवा एक्स-रे आला की आधीच्या खुणांशी तुलना करून अंदाज देतो.

अंदाज हा शब्द महत्त्वाचा आहे. तो बऱ्याचदा चांगला असतो, पण तो चित्रावरून बांधलेला असतो. चित्र ज्याचे आहे त्या माणसाला यंत्राने पाहिलेले नसते.

तुमच्या तपासणीत एआय कुठे असू शकते?

- छातीचा एक्स-रे : टीबी शोधण्यासाठी हा वापर सर्वात जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे आणि त्याहून मोठ्या व्यक्तींच्या टीबी तपासणीसाठी एक्स-रे वाचणाऱ्या अशा प्रणालींना मान्यता देणारी शिफारस केली. त्या वेळी तपासलेल्या प्रणालींत मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची प्रणालीही होती. आपल्या देशात डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या टीबी मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि एआय यांचा वापर झाला.

- ईसीजी : ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेला शेरा तुम्ही पाहिला असेल. ही सोय बरीच जुनी आहे. म्हणजे यंत्राचे मत आपल्या दवाखान्यात आधीपासूनच आहे, फक्त त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही.

- डोळ्यांचा फोटो : मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर झालेले बदल एआय ओळखू शकते. गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा प्रणालीच्या कामात भारतातील नेत्र रुग्णालयांतले फोटोही वापरले होते.

- मोबाइल : रिपोर्टचा फोटो काढून चॅट करणाऱ्या ॲपला विचारणे. हे तर रुग्ण स्वतःच करतात.

एक्स-रेवरचा शेरा कसा समजून घ्यायचा?

टीबीसाठी एक्स-रे वाचणारी प्रणाली साधारणपणे एक गुण देते. गुण जितका जास्त, तितका डाग टीबीसारखा. किती गुणांच्या वर ‘पुढची तपासणी करा’ म्हणायचे, ती रेषा माणसे ठरवतात. रेषा खाली ठेवली तर रुग्ण सुटण्याची शक्यता कमी होते, पण निरोगी माणसेही जास्त अडकतात. वर ठेवली तर उलटे होते.

एक हिशेब करून पाहू. समजा शिबिरात १,००० लोक आले आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर टीबी आहे. प्रणाली १०० पैकी ९० रुग्ण पकडते आणि १०० निरोगी लोकांपैकी ७० जणांना बरोबर सोडून देते असे धरू. पुढची तपासणी कोणाला हवी हे ठरवणाऱ्या टीबीच्या चाचणीकडून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठेवलेली किमान अपेक्षा एवढीच होती.

- १० रुग्णांपैकी ९ जण सापडतील, १ सुटेल.
- उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी २९७ जणांच्या नावापुढेही ‘टीबीची शक्यता’ येईल.
- म्हणजे शेरा आलेल्या ३०६ जणांत खरे रुग्ण फक्त ९.

मग असे यंत्र कशाला वापरायचे? कारण १,००० ऐवजी ३०६ जणांचीच थुंकी तपासावी लागते आणि १० पैकी ९ रुग्ण लवकर सापडतात. जिथे एक्स-रे वाचणारे तज्ज्ञ जवळ नाहीत, तिथे हा मोठा फायदा आहे. आपल्या भागात तर आहेच.

पण या हिशेबातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, ‘टीबीची शक्यता’ म्हणजे टीबी नव्हे. पक्के निदान करण्यासाठी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅटसारखी चाचणी लागते. त्यातली ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेली आहे.

दोन, यंत्राने ‘नॉर्मल’ म्हटले म्हणून निर्धास्त राहू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणे किंवा थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काही असेल, तर एक्स-रेचा शेरा काहीही असो, थुंकी तपासून घ्या. सुटलेला तो एक जण तुमच्या घरातला असू शकतो.

यंत्राला काय माहीत नसते?

हे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने समजून घेऊ.

सिकलसेल आणि साखर : आपल्याकडच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा आजार बऱ्याच घरांत आढळतो. मधुमेहासाठी ‘एचबीए१सी’ ही तपासणी करतात, तिला लोक ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटली आहे, हे ती मोजते. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती १० ते २० दिवसांतच नष्ट होते. पेशी लवकर गेली तर तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही. म्हणून साखर वाढलेली असूनही रिपोर्टमधला आकडा कमी दिसू शकतो. सिकलसेलचे वाहक असलेल्यांमध्येही काही पद्धतींनी केलेल्या तपासणीत फरक पडू शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही हा आकडा फसवू शकतो.

आता हाच रिपोर्ट एखाद्या ॲपला दाखवला आणि सिकलसेलचा उल्लेखच केला नाही, तर ते ‘तुमची साखर नियंत्रणात आहे’ असे सांगून मोकळे होईल. आकडे वाचण्यात त्याची चूक नसेल. तुमच्या घराण्यात काय आहे, हेच त्याला ठाऊक नसेल. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासणी वाढली आहे. तुमची तपासणी झाली असेल तर ते कार्ड प्रत्येक वेळी दवाखान्यात आणा.

त्वचेचा रंग : बोटाला लावून ऑक्सिजन मोजण्याचे छोटे यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचले. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र तो ठीक दाखवते, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट वेळा घडले. हे यंत्र एआय नाही, पण धडा तोच आहे. यंत्र कोणत्या लोकांवर पारखले गेले, यावर ते आपल्यासाठी किती खरे हे ठरते.

जागा आणि उजेड : डोळ्यांचे फोटो वाचणारी गुगलची प्रणाली थायलंडमधल्या दवाखान्यांत नेली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो ‘वाचता येण्याजोगे नाहीत’ म्हणून तिने नाकारले. अपुरा अंधार, घाईत काढलेले फोटो ही कारणे होती. काही रुग्णांना विनाकारण दूरच्या रुग्णालयात जावे लागण्याची वेळ आली. प्रयोगशाळेतले यश गावच्या शिबिरात जसेच्या तसे मिळत नाही. शाळेच्या वर्गात भरलेले शिबिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

भाषा : आपण मराठीत ‘दुखते’ एवढेच म्हणत नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, आग होते, रग लागते. प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेने विचार करायला लावतो. इथल्या अनेक आजी तर मावची किंवा भिलीतच नीट सांगू शकतात. सोबत आलेली सून किंवा नातू त्याचे मराठी करतो, मग मी ते कागदावर उतरवतो. एवढ्या टप्प्यांत बरेच काही गळते. यंत्रापर्यंत पोहोचते ते त्याहून कमी.

डॉक्टर यंत्राच्या आहारी जाऊ शकतात का?

जाऊ शकतात. हे लपवण्यात अर्थ नाही.

रांग लांब असते, थकवा आलेला असतो आणि समोर यंत्राचा शेरा तयार असतो. अशा वेळी स्वतः फोटो पाहण्याआधीच शेरा पाहिला तर नजर तिकडेच वळते. पोलंडमधला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे डॉक्टर एआयची मदत घेऊ लागले. त्यानंतर त्याच केंद्रांत एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत, पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून सुमारे २२ टक्क्यांवर आलेले दिसले. एका अभ्यासावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, पण सवय मोडते ही शंका खरी आहे.

म्हणून मी स्वतःसाठी एक नियम केला आहे. आधी रुग्णाची हकीकत, मग तपासणी, मग एक्स-रे स्वतः पाहायचा आणि शेवटी यंत्राचा शेरा वाचायचा. माझे आणि यंत्राचे मत वेगळे पडले तर रुग्णाला तसे स्पष्ट सांगायचे आणि पुढची चाचणी किंवा तज्ज्ञांचे मत घ्यायचे.

निर्णयाची जबाबदारी कोणाची?

उपचार करणाऱ्या डॉक्टरांची. यात संदिग्धता नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार एआय प्रणालीने रुग्णाला थेट सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे मान्य नाही. ती डॉक्टरांना मदत करू शकते, पण अंतिम सल्ला आणि चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यायची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील एआयच्या वापराबाबत नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही माणसाची देखरेख, रुग्णाची संमती, माहितीची गुप्तता आणि उत्तरदायित्व यांवर भर आहे.

‘कॉम्प्युटरने सांगितले म्हणून औषध दिले’ हे उत्तर कोणत्याही डॉक्टरला शोभत नाही. ते तुम्ही स्वीकारूही नका.

मोबाइलवर विचारून आलात तर?

खुशाल सांगा. काही डॉक्टरांना याचा राग येतो, पूर्वी मलाही यायचा. आता मी म्हणतो, दाखवा काय आले आहे ते. त्यातून तुम्हाला कसली भीती वाटते आहे ते मला समजते. कधी कधी विचारायचा राहिलेला मुद्दाही त्यात सापडतो. तुम्ही लपवले आणि मनात शंका ठेवून घरी गेलात, तर माझ्या औषधाचा कोर्स अर्धवट राहतो. मग नुकसान तुमचेच होते.

मात्र हे पाळा :

- ॲपच्या सांगण्यावरून टीबी, मधुमेह, रक्तदाब, फिट्स किंवा सिकलसेलचे औषध बंद करू नका, डोस बदलू नका.
- रिपोर्टचा फोटो टाकताना नाव, मोबाइल नंबर, आधार क्रमांक झाका.
- लहान मूल, गरोदर बाई आणि वृद्ध यांच्यासाठी ॲपने सुचवलेले औषध परस्पर आणू नका.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न जरूर विचारा

१. हा शेरा यंत्राचा आहे की तुम्ही स्वतः पाहून दिला आहे?
२. हे पक्के निदान आहे की फक्त शक्यता?
३. पक्के करण्यासाठी कोणती तपासणी लागेल, ती कुठे होईल?
४. माझ्या जुन्या आजारामुळे या रिपोर्टमध्ये फरक पडू शकतो का?
५. रिपोर्ट येईपर्यंत घरी काय करायचे, काय टाळायचे?

असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात, कारण त्यांना थोडे थांबून बोलता येते.

आणि डॉक्टरांना हे न विचारता सांगा

- पूर्वी टीबी झाला होता का, औषधे पूर्ण घेतली होती का. जुना एक्स-रे असेल तर सोबत आणा.
- स्वतःला किंवा घरात कोणाला सिकलसेल आहे का.
- कामासाठी बाहेरगावी कुठे आणि किती दिवस राहिलात, काम कशाचे होते.
- दुसऱ्या दवाखान्यातले, मेडिकलमधून परस्पर घेतलेले किंवा झाडपाल्याचे कोणते औषध चालू आहे. त्यासाठी कोणी रागावणार नाही.

यंत्राच्या उत्तराची वाट पाहू नका

छातीत दाब येऊन घाम फुटणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळे पडणे, धाप लागणे, फिट येणे, साप चावणे, सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे किंवा असह्य वेदना होणे, अशा वेळी मोबाइलवर शोधत बसू नका. १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. ईसीजीच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापलेले असले आणि छातीतले दुखणे थांबत नसले, तरी घरी जाऊ नका. हार्ट ॲटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. तो पुन्हा काढावा लागतो, रक्तही तपासावे लागते.

मग खरे कोणाचे मानायचे?

त्या तरुणाला मी दिलेले उत्तर तुम्हालाही देतो. एक्स-रे डाग सांगतो. यंत्र तो डाग कशासारखा दिसतो ते सांगते. थुंकी त्यात जंतू आहेत की नाहीत ते सांगते. आणि तो डाग किती जुना आहे, हे तुझ्या आईलाच माहीत असते. हे सगळे जुळवून तुला समजेल असे सांगणे हे माझे काम. ते मी त्या दिवशी केले नाही, म्हणून कॉम्प्युटरचा शब्द तुझ्या घरी माझ्याआधी पोहोचला.

मी त्याला एक्स-रे उजेडासमोर धरून डाग बोटाने दाखवला. घरी जाऊन ताट पुन्हा एकत्र मांडायला सांगितले. तो काही बोलला नाही. मावशी मात्र त्यानंतर बरेच महिने दवाखान्यात आल्या नाहीत. मग एकदा नातवाला ताप आला, तेव्हा त्याला कडेवर घेऊन स्वतःच आल्या.

शिबिरात आजही रांग असते, यंत्रही असते. पण शेरा आलेल्या प्रत्येकाला मी आधी बसायला सांगतो आणि विचारतो, “पूर्वी कधी टीबी झाला होता का?” या प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तपासणीचा आणि औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना भेटूनच घ्या.)